तेराव्या ओळीतलं झाड

१

झाड आणि फरशी यांचं भांडण मिटवणं हा माझा धंदा आहे. नगरपालिकेच्या उद्यान खात्यात बावीस वर्षं मी एवढंच करत आले. लोकांना सावली हवी असते पण पानं नको असतात, फुलं हवी असतात पण ती आपल्या गाडीवर पडलेली चालत नाहीत, आणि झाडाला मुळं असतात हे तर फरशी फुटेपर्यंत कोणाच्या गावीही नसतं. मग मला बोलावतात. मी जाते, टेप लावते आणि सांगते की बाबांनो, लहान झाड फरशीपासून तीन फूट, मध्यम झाड सहा फूट, आणि मोठं लावायचंच असेल तर चहूबाजूंनी पंधरा फूट मोकळी माती सोडा, नाहीतर लावूच नका. सगळे माना डोलावतात आणि दीड फुटावर लावतात. ऑफिसात मला टेपबाई म्हणतात. तोंडावर नाही, पण मला कान आहेत.

फरशीजवळच्या प्रत्येक झाडाची लावल्यापासून पंचवीस वर्षं, वर्षातून एकदा मोजणी करायची असा आमच्या खात्याचा नियम आहे. खोडाचा घेर, उंची, जवळच्या बांधकामापासूनचं अंतर, फरशी उचलली असल्यास किती. मी राहते त्या कर्मचारी वसाहतीची मोजणीही माझ्याकडेच आहे. चार इमारती, मधे फरशीचा मोठा चौक, आणि चौकाच्या कडेनं बारा कांचन. कांचन गुणी झाड. अंथरूण पाहून पाय पसरतं, फरशीच्या वाटेला जात नाही. बारा झाडांना मला एक सकाळ पुरते.

त्या सकाळी बारावं झाड मोजून मी चौक तिरपा ओलांडत घराकडे निघाले आणि मधोमध चप्पल अडकली. वाकून पाहिलं तर एका फरशीचा कोपरा वर आलेला. फार नाही, करंगळीच्या नखाएवढा. पण या चौकातली फरशी अठरा वर्षांत केसभर हलली नव्हती, आणि सगळ्यांत जवळचं झाड तिथून चाळीस फुटांवर होतं. मी सवयीनं टेप लावली, आकडा घेतला, आणि तो वहीत कोणत्या झाडापुढे लिहायचा ते मला कळेना.

खोटं कशाला बोलू. कळलं होतं.

२

वसाहतीच्या नोंदवहीत बारा नाही, तेरा झाडं आहेत.

या चौकाची फरशी माझ्या वडिलांनी बसवली आहे. आप्पा म्हणजे त्या काळातले नावाजलेले गवंडी, हाताखाली वीस माणसं. मी खात्यात चार वर्षांची, म्हणजे सगळं कळतं असं वाटण्याच्या वयाची. झाडांचा नकाशा माझा आणि फरशी त्यांची, असं ते आमचं एकत्र केलेलं पहिलं काम, आणि शेवटचंही. नकाशात चौकाच्या मध्यावर मी एक नांदरूक काढला होता. वडाच्या कुळातलं झाड, बारमाही हिरवं, सावली इतकी दाट की खाली उन्हाचा कवडसाही पडू नये. त्याच्यासाठी सहा फुटांचं गोल आळं सोडलं होतं.

आप्पांनी नकाशा पाहिला आणि म्हणाले की हे झाड माझी फरशी उचलणार, सहा फुटांत ते मावायचं नाही. मी वीस माणसांसमोर त्यांना सांगितलं, की तुम्ही तुमची थापी सांभाळा, झाडं मी सांभाळते. दुसऱ्या दिवशी रोपांचा टेम्पो आला तेव्हा आळं जागेवर नव्हतं. आप्पांनी ते भरून, ठोकून, वर फरशी बसवून टाकली होती. सांधा असा जुळवलेला की खड्डा कुठं होता ते मलाही दाखवता आलं नसतं.

महिनाभर मी त्यांच्याशी बोलले नाही. एकाच घरात राहून, आईमार्फत निरोप. पण सख्ख्या बापाविरुद्ध तक्रार कशी लिहायची? नकाशात तेरा होती, पत्रकात तेरा होती, मी तेरा झाडं लावल्याची सही केली. ते रोप टेम्पोवाल्याला देऊन टाकलं.

पुढच्या वर्षी मोजणी आली आणि वहीत तेरावी ओळ कोरी. कोरी ठेवायची सोय नव्हती. मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून घेर लिहिला, पाच इंच. त्याच्या पुढच्या वर्षी नऊ. कोणी बघायला आलं नाही. वरचे साहेब फक्त तळाचा आकडा बघतात. आणि खरं सांगायचं तर मला त्याची गोडी लागली. आप्पांनी ज्याला सहा फूट जागा दिली नाही त्याला मी वहीत पोसलं. दरवर्षी कांचनांच्या दुप्पट वाढ दिली. कीड लागू दिली नाही, फांदी मोडू दिली नाही. वसाहतीतलं सगळ्यांत धडधाकट झाड ते. ‘फरशी उचलली का’ या रकान्यात मात्र मी अठराही वर्षं ठासून ‘नाही’ लिहीत आले.

मधे सहाव्या वर्षी खात्यानं एक यादी काढली, फरशीपासून वीस फुटांच्या आत कधीही लावू नयेत अशा झाडांची. नांदरूक पहिल्या क्रमांकावर. ती यादी मीच टाइप केली. आप्पांना सांगितलं नाही. आमच्या घरात ‘तुमचं बरोबर होतं’ एवढं सोडून बाकी सगळं बोलता येतं.

३

पंधरा दिवसांत चौकात सहा उंचवटे आले.

मुळानं उचललेली फरशी मला वाचता येते. मूळ खोडापाशी जाड असतं आणि लांब जाता जाता बारीक होतं, त्यामुळे उंचवटाही एका टोकाला उंच आणि दुसऱ्या टोकाला चपटा होत जातो. फरशा मधून उलतात आणि दोन्ही बाजूंनी उतरत्या छपरासारख्या कलतात. मी खडू घेऊन सहाही उंचवट्यांवर रेघा मारल्या. त्या चौकाच्या मध्यावर एकत्र येत होत्या. मधली सहा फुटांची गोल जागा तेवढी सपाट होती. अशा उंचवट्यांवरून खोडाच्या घेराचा अंदाज काढायचं आमचं एक गणित आहे. ते केलं तर उत्तर आलं पावणेसहा फूट. वहीत त्या वर्षासाठी मी आधीच लिहून ठेवलं होतं, पाच फूट नऊ इंच.

मी स्वतःला समजावलं. खालून जाणारी पाण्याची नळी गळत असेल. माती फुगत असेल. घुशी असतील. बावीस वर्षांत मी लोकांना दिलेली सगळी स्पष्टीकरणं मी एकेक करून स्वतःला दिली, आणि लोक माझ्याकडे जसे बघतात तसंच मी स्वतःकडे पाहिलं.

आप्पांचं वेगळंच चाललं होतं. वय एक्याऐंशी, डोळ्यांत मोतीबिंदू, तरी ते आपली लेव्हलची पट्टी काढून चौकात बसू लागले. फरशीवर पट्टी ठेवायची आणि बुडबुडा एका बाजूला पळालेला बघत राहायचा. हा चौक म्हणजे त्यांच्या हातचं शेवटचं मोठं काम. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते सांगायचे की अठरा वर्षं झाली, पाण्याचा थेंब ठेवा, घरंगळणार नाही. आता कोणी आलं की पट्टी पाठीमागे लपवायचे.

एकदा मी चहा घेऊन गेले तेव्हा माझ्याकडे न बघता म्हणाले, “मधलं भरताना घाई झाली होती माझी. ठोकलं नाही नीट. कच्चं काम झालं माझ्या हातून.”

अठरा वर्षांत त्या खड्ड्याचा उल्लेख त्यांनी पहिल्यांदा केला होता. तिथंच सांगायला हवं होतं. मी कप खाली ठेवला आणि बिस्किटं आणायला आत गेले.

खात्यातून दोन माणसं बोलावून मी एक फरशी उचलायला लावली. पहार घातली, फरशी निघाली. खाली वाळू, आणि वाळूत एक पन्हळ. मांडीएवढी रुंद, तळाला गोल, आतून गुळगुळीत, आणि रिकामी. दोन्ही बाजूंची वाळू दाबून बसवल्यासारखी घट्ट उभी होती. त्यांच्यातल्या वयस्क माणसानं शेजारच्या फरशीखाली खांद्यापर्यंत हात रेटून घातला आणि बराच वेळ तसाच राहिला. मग हात ओढून काढला आणि पँटला पुसला. हाताला काहीच लागलं नव्हतं.

आत काय आहे म्हणून मी विचारलं.

“काही नाही, बाई,” तो म्हणाला. “पण हात घालायला जागा नव्हती.”

फरशी होती तशी ठेवून ते दोघं निघाले. फुकटचा चहाही घेतला नाही, आणि आमच्या खात्यात ही साधी गोष्ट नाही.

४

ऊन वाढत चाललं होतं. ऑफिस दहा मिनिटांवर, म्हणून दुपारी मी जेवायला घरी येते. एके दिवशी साडेबाराला आले तर आप्पा आपली लोखंडी खुर्ची टाकून भर चौकात बसलेले. टोपी नाही, छत्री नाही. मी चिडले. म्हटलं, या वयात हे काय आरंभलंय, उन्हात बसून चक्कर आली तर कोणाच्या जिवाला घोर?

“ऊन कुठं आहे?” आप्पा म्हणाले. थट्टेनं नाही. भाजी कुठं आहे असं विचारावं तसं.

मोतीबिंदू, मी मनात म्हटलं. पण मी त्यांच्या शेजारी उभी होते आणि माझ्या मानेवरून घाम ओघळत होता. त्यांचं कपाळ कोरडं होतं.

रविवारी मी खिडकीत बसून त्यांच्यावर नजर ठेवली. सकाळी खुर्ची चौकाच्या पश्चिमेला होती. दर अर्ध्या तासानं ते उठत, खुर्ची दोन हात सरकवत आणि पुन्हा बसत. दुपारी बाराला मध्याला खेटून. चार वाजता पूर्वेकडे. म्हाताऱ्या माणसाची चुळबुळ म्हणून सोडून दिलं असतं, पण सावली केव्हा कुठं पडते हे लोकांना कागदावर काढून देणं माझ्या नोकरीचा भाग आहे. आप्पांनी दिवसभरात जी रेघ काढली ती माझ्या कागदावरची होती.

मग मला एकेक दिसायला लागलं. झाडूवाली मावशी सगळा चौक सरळ पट्ट्यांत झाडते आणि मधे आली की गोल वळसा घेते. मी तिला विचारलं तेव्हा तिलाच नवल वाटलं. सवय लागली असेल, म्हणून हसली, आणि दाखवायला मधून सरळ झाडायला गेली. दोन हात मारले आणि थांबली. झाडू बगलेत धरून म्हणाली की दुसऱ्या इमारती राहिल्यात, जाते. त्याच दिवशी मी चौक ओलांडणारी माणसं मोजली. सव्वीस. एकही मधून सरळ गेलं नाही. फरशी उंचसखल झाली आहे, जातील कशाला? चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

आप्पा जेवायला आत गेले तेव्हा मी चप्पल काढून त्यांच्या खुर्चीपाशी गेले. एक वाजला होता. फरशी इतकी तापलेली की पाय टेकवेना. मी नाचत नाचत पुढे गेले. खुर्चीच्या एक हात अलीकडे उजवा पाय ठेवला आणि तो गार फरशीवर पडला. डावा पाय मागे होता, तो भाजत होता. वर मान करून बघायचं माझ्या मनात आलं. मी बघितलं नाही, चपला हातात घेऊन घरात आले.

५

आमचं घर तळमजल्यावर आहे आणि आप्पांच्या खोलीची खिडकी चौकात उघडते. त्या खोलीचं दार प्रथम अडायला लागलं, मग लागेनासंच झालं. पलंगाचा एक पाय अधांतरी राहू लागला, त्याच्याखाली आप्पांनी घडी केलेलं वर्तमानपत्र सारलं. आठवड्यानं दुसऱ्या बाजूला सारावं लागलं. दुपारी तिथं दिवा लावल्याशिवाय औषधाच्या पुडीवरचं नाव वाचता येईना. आणि वारा पडलेला असताना, बाहेर एकही पान हलत नसताना, खिडकीच्या वरच्या काचेवर काहीतरी घासल्याचा आवाज यायचा. थांबून थांबून. मी खिडकी उघडली की बंद व्हायचा. आप्पा या आवाजाबद्दल कधी काही बोलले नाहीत. त्याच्या तालावर ते झोपी जात, असं मला एकदोनदा वाटलं.

मग भेग आली. जमिनीपासून निघून खिडकीपर्यंत, खाली बोटभर रुंद, वर दोऱ्याएवढी. अशी भेग मी पन्नास घरांत पाहिली आहे आणि पुढे काय होतं तेही पाहिलं आहे. पाया उचलला जातो, भिंत बाहेर झुकते आणि एक दिवस खिडकीवरचा लिंटेल, म्हणजे वरची आडवी तुळई, निसटतो. त्या लिंटेलच्या बरोबर खाली आप्पांची उशी होती.

मी त्यांना माझ्या खोलीत झोपा म्हटलं. नको म्हणाले. माझ्या थोरल्या भावाकडे महिनाभर जाऊन या म्हटलं. आप्पा म्हणाले, “फरशी सरळ केल्याशिवाय मी कुठं जाणार नाही. ज्यानं बिघडवलं त्यानंच दुरुस्त करायचं असतं.”

ते बोलून थांबले नाहीत. त्याच दुपारी मी त्यांना चौकात गुडघ्यांवर बसून एक फरशी सुटी करताना धरलं. तीस किलोची फरशी, एक्याऐंशी वर्षांचे हात. मी ती काढून घेतली तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आई गेली तेव्हाही मी ते पाहिलं नव्हतं. साठ वर्षं या हातांनी काम केलं, ते म्हणाले, आणि जाता जाता हे.

माझ्या जिभेवर तीन वाक्यं आली होती. आप्पा, यात तुमची चूक नाही. मी वहीत एक झाड वाढवलंय. आणि तुमचं बरोबर होतं. तीनच वाक्यं. मला त्यांची दया येत होती, स्वतःची लाज वाटत होती आणि तरीही मला ती बोलता येईनात. मी म्हटलं, “ऑफिसातून काहीतरी करते, आप्पा. माझ्यावर सोडा.”

“करा, साहेब,” ते म्हणाले. माझ्यावर खूश असले की मला साहेब म्हणायची त्यांची जुनी खोड होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर निघाले तेव्हा समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरच्या मास्तरीणबाई खिडकी उघडत होत्या. काच वळता वळता तिच्यात आमची गच्ची दिसली, मग पाण्याची टाकी, आणि मग टाकीच्या पुढ्यात काहीतरी आलं. काळपट हिरवं, दाट, काचेच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. काच थांबली तेव्हा तिच्यात पुन्हा टाकी होती. मास्तरीणबाईंनी मला हात केला. मीही केला.

६

वहीतून झाड काढायचं असेल तर आमच्याकडे तीनच शब्द आहेत. वाळले, पडले, तोडले. ‘लावलेच नव्हते’ असा चौथा शब्द नाही, आणि असता तरी तो लिहायची माझी छाती नव्हती. तेवढी असती तर आप्पांनाच सांगितलं नसतं का.

ऑफिसात मी वही उघडून बसले. हे सगळं खुळचटपणाचं आहे हे मला पटत होतं, तरी मी पेनचं टोपण काढलं. वाळले? वाळलेलं झाड वर्षानुवर्षं उभं राहतं आणि लहर लागेल तेव्हा कोसळतं. पडले? त्याच्यापुढे रकाना आहे, कशावर. राहिलं तोडले. स्वच्छ काम. मी तेराव्या ओळीत लिहिलं, ‘तोडले’. कारण, ‘फरशीस व इमारतीस धोका’. तारीख आजची. वेळ, भिंतीवरच्या घड्याळात बघून, अकरा चाळीस. खाली सही केली. छाती मोकळी झाली. अठरा वर्षांचं लचांड एका शब्दात गेलं, आणि आप्पांनाही काही सांगायची गरज उरली नाही असं माझ्या मनात येऊन गेलं. त्याबद्दल मी स्वतःला माफ करणार नाही.

हेडक्लार्क वही न्यायला आले. त्यांनी चष्मा वर करून ओळ वाचली आणि एका रकान्यावर बोट ठेवलं.

“हा कोरा राहिला, बाई. दोर लावला होता ना खाली? माणसं हटवली होती ना? मग ‘होय’ लिहा की.”

बावीस वर्षांत माझ्यासमोर एकही करवत दोर बांधल्याशिवाय सुरू झालेली नाही. झाडाच्या उंचीच्या दीडपट अंतरावर दोर, आत चिटपाखरू नको, आणि पहिला घाव घालायच्या आधी तीनदा हाळी. हे मी मजुरांकडून पाठ करून घेते. एकदा एकानं दोनदाच हाळी दिली म्हणून त्याला मी दिवसभर घरी बसवलं होतं. आणि आज कागदावर तोडायचं म्हणून मी खाली कोण आहे ते बघितलंच नाही.

घड्याळात अकरा बेचाळीस झाले होते. या वेळेला आप्पांची खुर्ची मध्यापासून तीन हातांवर असते.

मी ‘तोडले’वर रेघ मारली. मग त्या रेघेवर रेघ मारली. हेडक्लार्क अहो, अहो करत राहिले. घरचा फोन लावला, तो नुसता वाजत राहिला. पर्सही न घेता मी निघाले.

७

चौकात खूप उजेड होता. फाटकातून आत येताना मला पहिलं हेच जाणवलं. इतका, की डोळ्यांवर हात धरावा लागला. फरशी सगळीकडे सपाट होती, एक सांधा वर नाही. माणसं चौकाच्या मधून सरळ पळत होती. त्यांच्या घोळक्यात आप्पांची लोखंडी खुर्ची होती. तिचे चारही पाय चार दिशांना वाकले होते आणि बैठक जमिनीला टेकली होती. आप्पांना कोणीतरी आधीच रिक्षात घातलं होतं.

मास्तरीणबाई त्या वेळी खिडकीत होत्या. त्या म्हणाल्या की वरून काही पडलं नाही, आईशप्पथ काही पडलं नाही, आजोबा बसल्या जागी खुर्चीसकट खाली गेले. त्याआधी एक आवाज मात्र झाला, जुनं लुगडं फाडावं तसा, पण खूप लांबलचक. तो कशाचा ते त्यांना सांगता येईना.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. खांदा, बरगड्या, कंबर. अंगावर नेमकं काय पडलं, त्यांनी विचारलं. भिंत? तुळई? मला माहीत नाही, मी म्हटलं. ते माझ्याकडे बघत राहिले, कारण मी ते फार पटकन म्हटलं होतं.

आप्पा शुद्धीवर होते. हलता येत नव्हतं, आवाज अगदी खोल गेला होता. त्यांच्या केसांत आणि सदऱ्याच्या खांद्यावर पांढरं काहीतरी वाळलं होतं. मी ओला रुमाल घेऊन ते पुसायला लागले आणि रुमाल बोटांना चिकटला. नांदरुकाची फांदी मोडली की असा चीक येतो. तो पाण्यानं जात नाही, तेल लागतं. मी नर्सबाईंकडून खोबरेल मागून घेतलं आणि त्यांच्या केसांना लावत बसले.

तेल लावता लावता मी सगळं सांगितलं. नकाशा, सही, तेरावी ओळ, दरवर्षीचे आकडे, टाइप केलेली यादी, सकाळची वही. आप्पा डोळे मिटून ऐकत होते. मी थांबले तेव्हा त्यांनी विचारलं, घेर किती झाला होता. पाच फूट नऊ इंच, मी म्हटलं. त्यांनी मान हलवल्यासारखं केलं.

“तुमचं बरोबर होतं, आप्पा,” मी म्हटलं.

“ते मला तेव्हाच माहीत होतं,” आप्पा म्हणाले. मग त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. एखाद्या चांगल्या कारागिराच्या हातून अशी चूक झालीच कशी, ते कळत नसल्यासारखं. “पण तू हाळी का दिली नाहीस?”

मी त्यांच्या केसांना तेल लावत राहिले. थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा तेच विचारलं. मी उठलो असतो, म्हणाले, मला उठता येत होतं. संध्याकाळपर्यंत त्यांनी ते चार वेळा विचारलं आणि सातच्या सुमारास विचारायचे थांबले.